एका एकरात किती वीज?

सौरऊर्जेवर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप जमिनीचा आहे, आणि तो खोटा नाही. ऊन सगळीकडे पडते, पण विरळ पडते. ते गोळा करायचे तर पॅनेल अंथरायला लागतात आणि अंथरायचे म्हटले की जागा आली. आपल्याकडे एक मेगावॉटच्या प्रकल्पाला साधारण चार एकर जमीन धरतात. जुन्या प्रकल्पांना पाच एकरही लागली. असा एक मेगावॉट वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट वीज देतो. म्हणजे एका एकरातून वर्षाला सुमारे चार लाख युनिट. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचा सगळा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो. तो प्रत्येकाने करावा, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण एकतर जमीन लागतच नाही असे भासवतात, नाहीतर सगळी शेती पॅनेलखाली जाणार अशी भीती घालतात.

महाराष्ट्राची वर्षाची विजेची गरज सुमारे २०,००० कोटी युनिट आहे. तेवढी सगळी वीज जमिनीवरच्या सौर पॅनेलमधून काढायची ठरवली, तर पाच लाख एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन लागेल. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. त्यात हा वाटा एक टक्क्याहूनही कमी भरतो. देशाचा हिशेब केला तर तो आणखी बोलका आहे. भारताच्या एका वर्षाच्या विजेइतकी वीज सूर्याकडून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्याएवढी किंवा त्याहून किंचित जास्त जमीन पुरेल. तो आपला सर्वांत मोठा जिल्हा, पण एकच जिल्हा. रात्रीच्या साठवणीचा प्रश्न यात धरलेला नाही. त्याकडे पुढे येतो. पण जमिनीच्या नुसत्या आकाराने घाबरून जावे असे यात काही नाही.

घाबरावे असे जे आहे ते दुसरीकडे आहे. वीज म्हटली की जमीन लागतेच, आणि महाराष्ट्राला हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातले मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला बसले, ते मुंबईला वीज पुरवणाऱ्या धरणाविरुद्धच. त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. त्या विजेचा जमिनीवरचा भार मुंबईच्या बिलात कधी दिसला नाही.

कोयनेचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे. शिवसागर जलाशयाचा फुगवटा सुमारे ११५ चौरस किलोमीटरचा आहे. त्या पाण्यावर वर्षाला साधारण ३०० कोटी युनिट वीज तयार होते. एकराला पडते सुमारे एक लाख युनिट. सौर प्रकल्प तेवढ्याच जमिनीतून चौपट वीज काढतो. कोयनेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिची वीज संध्याकाळी सातला, मागणी चढली की, काही मिनिटांत मिळते आणि पाण्याचा एक भाग पूर्वेकडे शेतीलाही जातो. ही सोय पॅनेलमध्ये नाही. पण कोयनेत शंभराच्या आसपास गावे उठली. सुपीक खोऱ्यातली माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. धरण १९६४ साली पुरे झाले, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांची नातवंडे-पतवंडे पर्यायी जमिनीसाठी कोयनानगरला धरणे धरून बसतात. पाण्याखाली गेलेली जमीन परत मिळत नाही. पॅनेलखालची जमीन खांब उपटले की पुन्हा नांगरता येते. चौपटीच्या आकड्यापेक्षा हा फरक मला मोठा वाटतो.

कोळशाचा हिशेब जरा अवघड आहे, आणि सौरऊर्जेचे समर्थक तो टाळतात असा माझा अनुभव आहे. तो टाळायचे कारण नाही. समजा, वणी-चंद्रपूर पट्ट्यात एका एकराखाली दहा मीटर जाडीचा कोळशाचा थर आहे. त्यातून पन्नास हजार टनांहून जास्त कोळसा निघेल. एका युनिटला सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर त्या एका एकरातून आठ कोटी युनिट वीज होते. सौर पॅनेलला तेवढी वीज द्यायला दोनशे वर्षे लागतील. खाणीभोवतालचे मातीचे डोंगर, रेल्वेची सायडिंग, राखेचे तलाव, वसाहती हे सगळे धरून जमीन चौपट केली, तरी कोळसा पन्नास वर्षांच्या सौरऊर्जेइतका भरतो. एका प्रकल्पाच्या पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यात कोळशाला कमी जमीन लागते, हे मान्य केले पाहिजे.

पण कोळशाचे एकर एकदाच वीज देते. पुढच्या वर्षी दुसरे एकर लागते, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरे. खाण सरकत राहते, आणि चंद्रपुरात ती ताडोब्याच्या जंगलाकडे सरकते. मागे उरतो तो खड्डा आणि उपसलेल्या मातीचा ढिगारा. त्यावर ज्वारी येत नाही. शिवाय कोळशाची जमीन कुंपणापाशी संपत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या वीजकेंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि नदीत शिरले. ती शेते कोणत्याही तक्त्यात विजेसाठी वापरलेली जमीन म्हणून मोजलेली नव्हती. धूर ज्या गावांवर बसतो ती गावेही त्यात नसतात. सौर पॅनेलची जमीन जेवढी दिसते तेवढीच असते. कोळशाची जमीन दिसते त्याहून बरीच मोठी असते.

सर्वांत कमी जमीन अणुऊर्जेला लागते, असे बहुतेक अभ्यास सांगतात. जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाचेच पाहा. ९,९०० मेगावॉटसाठी माडबन आणि शेजारच्या गावांमधली ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. प्रकल्प ठरल्याप्रमाणे चालला तर एकराला वर्षाला तीन कोटी युनिटच्या आसपास वीज मिळेल. सौरऊर्जेच्या पाऊणशेपट. जमीन वाचवणे एवढाच निकष असता तर कोकणाने या प्रकल्पाचे स्वागत केले असते. प्रत्यक्षात एप्रिल २०११ मध्ये तिथे गोळीबार झाला आणि एका आंदोलकाचा जीव गेला. आंदोलनात साखरी नाट्याचे मच्छीमार पुढे होते, ज्यांची एक गुंठाही जमीन त्या ९३८ हेक्टरांत नव्हती. त्यांची चिंता समुद्राची होती. प्रकल्पातून बाहेर पडणारे गरम पाणी, मासळीवर होणारा परिणाम, समुद्रात जाण्यावर येणारे निर्बंध यांची. ज्या पाण्यावर त्यांचे पोट होते ते कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते.

म्हणून प्रति युनिट किती एकर, या एकाच प्रश्नावर ऊर्जेच्या मार्गांची क्रमवारी लावायला माझा विरोध आहे. तो प्रश्न विचारलाच पाहिजे, पण त्याच्याबरोबर आणखी काही विचारले पाहिजेत. ती जमीन आधी काय देत होती? कोणाला देत होती? आणि परत मिळेल का? पवनचक्कीचा हिशेब काय मोजले यावरून कोणाला छोटा दिसतो, कोणाला प्रचंड. खांबाची जागा मोजली तर ती नगण्य. दोन पवनचक्क्यांमधले अंतर मोजले तर सौरऊर्जेच्या कितीतरी पट. धुळ्यात साक्रीकडे पवनचक्क्यांखाली शेती चालू आहे. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या सड्यांवर मात्र यंत्रे चढवायला रस्ते कापले गेले आणि सडा खरवडला गेला. यंत्र तेच, आकडा तोच, पण जमिनीवर झालेला परिणाम वेगळा.

आता महाराष्ट्रात ज्याबद्दल फारसे बोलले जात नाही, त्याकडे येतो. आपण ऊर्जेसाठी लाखो एकर जमीन आधीच दिलेली आहे. फक्त तिला ऊर्जेची जमीन म्हणून आपण मोजत नाही. ती म्हणजे इथेनॉलकडे वळलेला ऊस.

एका एकरात चांगला चाळीस टन ऊस निघाला असे धरू. रसापासून थेट इथेनॉल केले तर टनाला सत्तर लिटर, म्हणजे एकरी २,८०० लिटर. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. पेट्रोलवर लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी गाडी इथेनॉलवर दहा धावेल. म्हणजे एका एकराच्या उसावर वर्षभरात गाडी २८,००० किलोमीटर जाते. बगॅसची वीजही उसाच्या बाजूला जमा करू. टनाला शंभर युनिट ग्रिडला गेले तर एकरी चार हजार युनिट झाले, आणि त्यावर विजेची गाडी आणखी २४,००० किलोमीटर जाईल. एकूण पन्नास हजारांच्या घरात. त्याच एकरावर पॅनेल उभे केले तर चार लाख युनिट. युनिटला सहा किलोमीटरच्या हिशेबाने विजेची गाडी चोवीस लाख किलोमीटर जाते. उसाच्या बाजूने सगळे धरूनही तफावत चाळीसपटींच्या वर राहते. आणि मी यात पाणी धरलेलेच नाही.

राज्याच्या एकूण पिकांत ऊस थोड्या जमिनीवर आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो एकटा घेतो. सोलापूर आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरत असतात, तेव्हा शेजारच्या शिवारात ऊस भरणीवर असतो. पॅनेलला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते, आणि आता कोरड्या ब्रशने पुसणारी यंत्रेही आली आहेत. मग आपल्या दुष्काळी पट्ट्यात, पाण्याने, गाडीचे इंधन पिकवण्याला काय अर्थ आहे? साखर तयार होताना उरलेल्या मळीपासून इथेनॉल करण्याला माझी हरकत नाही. ते उपउत्पादन आहे. रसापासून थेट इथेनॉल काढण्यासाठी ऊस लावणे हे मात्र जमीन आणि पाणी दोन्ही वाया घालवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊसउत्पादक यावर विचारेल की माझ्या हातात काय पडणार. विचारायलाच हवे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये वार्षिक भाडे आहे, आणि ते दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढते. चाळीस टनांच्या उसाचे तोडणी-वाहतूक वजा जाता लाख-सव्वालाख हातात येतात, पण त्यातून बेणे, खते, पाणी, मजुरी आणि वर्ष-दीड वर्षाची वाट जाते. चांगल्या भागातल्या मुरब्बी शेतकऱ्याला ऊस परवडतो. विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नसलेल्याला भाडे परवडते. राज्यात ऊस सुमारे चौदा लाख हेक्टरांवर आहे. वर काढलेली महाराष्ट्राच्या सगळ्या विजेची जमीन दोन लाख हेक्टर आहे. ऊस उपटून तिथे पॅनेल लावा असे मी म्हणत नाही. जमीन नाही, ही तक्रार उसाने भरलेल्या राज्याने करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सौर कृषी वाहिनी ही योजना मुळात चांगली आहे. शेतकऱ्याला एरवी बऱ्याचदा रात्रीची वीज मिळते; थंडीच्या दिवसांत, बिबट्या आणि सापाच्या भीतीत तो मोटर चालू करायला बांधावर जातो. गावाजवळच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरांत छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरवर दिवसा सोडायची, ही कल्पना साधी आणि योग्य आहे. २०१७ साली योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि आता लक्ष्य १६,००० मेगावॉटचे आहे. चार एकरांच्या हिशेबाने तिला सुमारे २६० चौरस किलोमीटर जमीन लागेल. कोयनेच्या फुगवट्याच्या सव्वादोनपट जमीन, आणि कोयनेच्या आठपटीहून जास्त वीज.

पण ती २६० चौरस किलोमीटर कुठली? इथे माझा आक्षेप सुरू होतो. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते, तिच्यासाठी शंभर शेतकऱ्यांशी बोलणी करावी लागत नाहीत, म्हणून नजर सर्वांत आधी गायरानावर जाते. महसुली नोंदीत गायरान मोकळे दिसते. प्रत्यक्षात त्यावर गावातल्या भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, धनगरांचे कळप दिवाळीनंतर मुक्कामाला येतात, सरपण तिथूनच येते आणि कित्येक ठिकाणी दलित आणि भटक्या कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या ते कसले आहे. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना एकरी पन्नास हजार रुपये मिळतात. ज्यांच्या नावावर नाही त्यांना नोटीस मिळते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ते पंचायतीच्या खात्यात जातात. शेळीवाल्या बाईच्या खात्यात त्यातले काही येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, तेव्हा या जमिनी गावाच्या जगण्याचा भाग आहेत हे मान्य केले होते. तो निकाल भूमिहीनाला गायरानातून हटवायला वापरायचा आणि तेच गायरान प्रकल्पाला द्यायचे, हा न्याय होऊ शकत नाही.

माळरानाचीही हीच गत आहे. झाडे नाहीत म्हणून ते उजाड समजले जाते. खरे तर लांडगा, काळवीट, खोकड आणि गवतात अंडी घालणारे पक्षी यांचे ते घर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे माळढोक दिसणे अपूर्वाईचे झाले आहे. राजस्थान-गुजरातेत उरलेल्या माळढोकांसाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि सौर-पवन प्रकल्पांची अडचण ऐकून २०२४ मध्ये तो शिथिल केला. हा पेच खरा आहे. पण प्रकल्पाची जागा ठरवतानाच माळरानाला माळरान म्हणून मोजले असते तर तो न्यायालयात गेला नसता.

जमीन कशी घ्यावी या बाबतीत कर्नाटकातले पावगड शिकण्यासारखे आहे. तुमकूर जिल्ह्यातल्या त्या कोरड्या तालुक्यात १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. सरकारने जमीन खरेदी केली नाही, भाड्याने घेतली. सुरुवातीला एकरी २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडे राहिली. हे भूसंपादनाच्या जुन्या कायद्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे, आणि मुळशी-कोयनेच्या माणसांना असे कोणी विचारले असते तर इतिहास वेगळा झाला असता. पण पावगडमध्येही दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराला भाडे मिळाले नाही आणि शेत बंद झाले तसे त्याचे कामही गेले. भाडेपट्ट्याच्या कागदावर त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

जमिनीवरचा भार हलका करणारे मार्गही आहेत. छप्पर हा त्यातला पहिला. एक किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. लहान कुटुंबाला ते पुरतात. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. कोयनेच्याच तालुक्यातली एक वाडी आपल्या छपरांवर वीज करते, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. कालव्यांवर पॅनेल टाकता येतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१२ सालीच नर्मदेच्या शाखा कालव्यावर तसा प्रकल्प झाला. जलाशयांवर तरंगते पॅनेल बसवता येतात. रामगुंडमला १०० मेगावॉट २०२२ पासून चालू आहेत. मात्र उजनीसारख्या जलाशयावर ते अंथरताना मच्छीमारांची जाळी आणि रोहितांचे थवे आधी विचारात घ्यावे लागतील. पॅनेल उंच आणि विरळ लावून खाली पीक घेण्याचे प्रयोग जोधपूरच्या काजरी संस्थेत झाले आहेत, परभणीतही सुरू झाले आहेत. त्यात खर्च वाढतो, वीज थोडी कमी मिळते, पण मूग, मटकी, पालेभाजी येते आणि मजुराचे काम टिकते.

छपरांवर सगळे भागेल असे म्हणणे मात्र फसवे ठरेल. शहरातल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, शेजारच्या टॉवरची सावली असते आणि सोसायटीत एकमत व्हायला वर्षे जातात. कारखान्यांची आणि रेल्वेची वीज घरांच्या छपरांवरून निघणार नाही. जमीन लागेलच.

आणि रात्र आहे. सौरऊर्जेचा हिशेब साठवणीशिवाय पुरा होत नाही. बॅटऱ्यांना जागा थोडी लागते. पाणी वर चढवून खाली सोडणाऱ्या उदंचन प्रकल्पांना दोन जलाशय लागतात आणि ते सह्याद्रीच्या कड्यावर शोधले जातात. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे; आता तसे आणखी कितीतरी प्रस्ताव घाटमाथ्यासाठी पुढे येत आहेत. तिथली देवराई, तिथले ठाकर आणि महादेव कोळी यांची गावे सौरऊर्जेच्या एकरांत कोणी धरत नाही. धरली पाहिजेत. जुनी धरणे आपल्याकडे आहेतच. नवा कडा फोडण्याआधी त्यांचा उपयोग तपासायला हवा.

हे सगळे मांडल्यावरही मी सौरऊर्जेच्याच बाजूने आहे. वीज लागणार, कोळसा सोडावा लागणार, आणि जमीन न बुडवता, न खणता वीज देणारे मोठे मार्ग आपल्यापाशी फार नाहीत. पण सरकारने क्रम बदलला पाहिजे. आधी सरकारी इमारती, शाळा, बाजार समित्या, औद्योगिक वसाहतींची छपरे. मग कालवे, राखेचे जुने तलाव, बंद पडलेल्या खाणी. मग राजीखुशीने भाड्याने मिळणारी खासगी जमीन. आणि गायरान सर्वांत शेवटी, तेही ग्रामसभेने खरोखर बसून होकार दिला तरच. भाड्याचा ठरावीक वाटा त्या जमिनीवर राबणाऱ्या आणि चारणाऱ्या कुटुंबांच्या नावे थेट जमा व्हावा, ही अट करारातच हवी. पंचवीस वर्षांनी खांब, तारा आणि तुटकी पॅनेल कोण उचलणार, हेही त्यातच लिहिलेले हवे.

तुमच्या गावात असा प्रकल्प येणार असेल तर ठरावावर हात वर करण्याआधी ग्रामसभेत गट नंबरासह नकाशा मागा, त्या गटात आज कोणाची गुरे चरतात त्यांची नावे इतिवृत्तात लिहून घ्या आणि भाडेपट्ट्याची मराठी प्रत वाचल्याशिवाय सही करू नका.